पांढऱ्या रेघेची कड

एल्डर फोर्ड, मिनेसोटा
रविवार, १ ऑक्टोबर २०२३

मिल्टन,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही, आणि तुझी लेक डेनीस सांगते की कानातलं यंत्र तू मुद्दाम खणात टाकून ठेवतोस. म्हणून पत्र लिहितोय. बसून वाच.

काल घरच्या मैदानावर फुटबॉलमध्ये कॅरोवे कॉलेजनं आपल्या बगळ्यांच्या संघाला धुतलं. पंचावन्न-तीन. हो, बरोबर वाचलंस. ते तीनही आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत मिळाले आणि तेवढा वेळ सगळं गाव उभं राहून नाचत होतं. मग जे बसलं ते बसलंच. मध्यंतराला निम्मे लोक घरी गेले. उरलेले निम्मे चर्चच्या बायकांच्या टेबलापाशी गेले, त्यामुळे त्यांचे ॲपल पाय कधी नव्हे ते संपले. बगळ्याचा वेष घालणाऱ्या पोरीनं तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते चोचीचं डोकं काढून मांडीवर घेतलं आणि बाकावर बसून राहिली. बँडवाले मात्र इमानदारीनं वाजवत होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

हवा छान होती. दहा यार्ड मोजायची साखळी धरायला आम्ही नेहमीचेच चौघं, मी तिची जागा पक्की करणाऱ्या चिमट्यावर. कॅरोवेवाले इतक्या झपाट्यानं पुढे सरकत होते की साखळी घेऊन नुसतं पळायचंच काम. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझी चांगली कसरत झाली.

गंमत सांगू का? घरी आलो, सूप दोनदा घेतलं आणि खुर्चीत गाढ झोपलो. लॉर्नानं विचारलं, "जिंकलात वाटतं?" म्हटलं, बावन्न गुणांनी हरलो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आपल्या वयात हरणं अंगाला लागत नाही, असं असेल. तुझ्या वाळवंटात काय चाललंय?

एल्रॉय


टूसॉन, ॲरिझोना
६ ऑक्टोबर

एल्रॉय,

इथे ऊन आहे. कालही होतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात विनोद जरा जास्तच आहेत. आर्डिसच्या आजारपणात मी दूरच्या हॉस्पिटलातून तुला अशीच पत्रं लिहायचो, आठवतं?

मॅच मी पाहिली. डेनीस कॉम्प्युटरवर लावून देते. कॅमेरा लांबून असतो, पण माणूस ओळखू येतो. पहिल्या क्वार्टरमध्ये आपण तीन-शून्य पुढे होतो, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न होता, दहा यार्ड पुरे व्हायला हातभर अंतर कापायचं होतं. पोरगा घुसला, पंचानं साखळी मैदानात बोलावली. तू चिमटा धरून गेलास, गुडघ्यावर बसलास, चिमटा रेघेवर ठेवलास. साखळी ताणली. बॉल दोन बोटं कमी पडला, म्हणून तो त्यांना गेला. इथवर ठीक.

मग तू उठलास आणि चालता चालता मागे वळून त्या रेघेकडे पाहिलंस. एकदा नाही, दोनदा.

चोराची पावलं चोरालाच कळतात. कुठल्या कडेला ठेवला होतास?

मिल्टन


एल्डर फोर्ड
११ ऑक्टोबर

मिल्टन,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण राहिलं. दीड हजार मैलांवरून माणसानं असं पकडावं, याला काय म्हणायचं?

पुढच्या. पुढच्या कडेला ठेवला.

तूच मला शिकवलं होतंस. मैदानातली रेघ चार इंच रुंद असते, चिमटा साखळीला लावताना तो रेघेच्या मागच्या कडेवर धरायचा, आणि मैदानात नेला की त्याच रेघेच्या त्याच कडेवर ठेवायचा. मनात घोकत जायचं, "मागची, मागची." मीही घोकत गेलो. पण वाकलो तेव्हा रेघच दिसेना, नुसता एक पांढरा धूर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टरनं जूनमध्येच सांगितलं होतं, लॉर्नाला माहीत आहे, तुला सांगितलं नाही आणि साखळीवाल्यांना तर नाहीच. म्हटलं, एवढा मोसम काढू. उठलो तेव्हा ऊन नीट पडलं आणि दिसलं. मी चार इंच पुढे ठेवला होता, त्यामुळे सगळी साखळीच तेवढी पुढे सरकली. म्हणजे आपला पोरगा पोचला होता, मिल्टन. दोन बोटं पुढेच पोचला होता.

बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण पंचानं हात फिरवला, कॅरोवेवाले धावत आले आणि मी चिमटा उचलून बाजूला झालो. तिसऱ्या खेळीत त्यांनी टचडाऊन केला. सात-तीन. माझी पाचावर धारण बसली. मनात आलं, हे असंच सात-तीनवर संपलं तर मला गाव सोडावं लागेल.

आता खरं सांगतो, आणि हे मी लॉर्नालाही सांगितलेलं नाही. चौदा-तीन झालं तेव्हा मला जरा श्वास घेता आला. एकवीस झाले तेव्हा खांदे खाली आले. अठ्ठावीसला मी मनात चक्क म्हटलं, "अजून एक घ्या, बाबांनो." आपल्याच पोरांची धुलाई चाललेली, त्यांच्या आया मागे बसलेल्या, आणि मी प्रत्येक टचडाऊनला हलका होतोय. पंचावन्नला पोचलो तेव्हा माझी चूक कुठल्या कुठे वाहून गेली होती. एवढ्या मोठ्या आकड्यात चार इंच कोण शोधणार?

साखळीवाल्यानं टाळी वाजवायची नाही, आपले रंग घालायचे नाहीत, हा नियम मी एकोणतीस वर्षं पाळला. घरच्याच मैदानावर तोंड शिवून उभा राहणारा चाहता मी. आणि पहिल्यांदा मनातून कुणाला ओरडून साथ दिली ती कॅरोवेला. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटतं.

सोमवारी मुख्य पंचाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "पंचावन्न-तीन झालंय, एल्रॉय. तुझे चार इंच मी कुठे लावू?" तरी मी चिमटा सोडला. आता तो धाकट्या पाद्र्याकडे आहे. त्याचे डोळे चांगले आहेत आणि खोटं बोलला तर त्याला वर जाब द्यावा लागतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात.

पण तू "चोर" का लिहिलंस? चोर मी होतो. तू कसला?

एल्रॉय


टूसॉन
२१ ऑक्टोबर

एल्रॉय,

दहा दिवस लागले. तीन पत्रं लिहून फाडली. डेनीसला वाटतंय मी मृत्युपत्र करतोय.

२००२. कॅरोवेविरुद्ध, घरच्या मैदानावर. वीस-एकवीस. सांगायला नको, गावात लहान मूलसुद्धा त्या मॅचला "दोन बोटं" म्हणतं. शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न, कोरी हॅगबर्ग बॉल घेऊन माणसांच्या ढिगाऱ्यात घुसला. साखळी बोलावली. तेव्हा चिमटा माझ्याकडे होता, साखळीच्या टोकाच्या काठीवर तू होतास. बॉल दोन बोटं कमी पडला आणि मॅच तिथेच संपली.

मी पुढच्या कडेला ठेवला होता.

माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. पण माझं लक्ष रेघेवर नव्हतं, कोरीवर होतं. तो गुडघ्यांवर बसून साखळीकडे बघत होता. मला मनापासून वाटत होतं की त्यानं पोचावं. नियम उगाच केलेला नाही, एल्रॉय. ज्याला कुणीतरी जिंकावं असं वाटतं त्यानं साखळीला हात लावू नये.

उठताना कळलं. तुझ्यासारखंच. मीही बोललो नाही. तुझ्यावर पंचावन्न गुणांचं पांघरूण पडलं. माझ्यावर एका गुणाचं पडलं, त्यानं काय झाकणार?

त्या मोसमानंतर मी गुडघ्याचं कारण सांगून चिमटा तुला दिला आणि तुझी काठी घेतली. गुडघा ठणठणीत होता. आर्डिस गेल्यावर ऊन हवं म्हणून इथे आलो असं सगळ्यांना सांगितलं, तेही अर्धंच खरं. कोरीच्या हार्डवेअरच्या दुकानावरून मला जाववत नव्हतं. साधा खिळा हवा असला तरी मी वीस मैल गाडी चालवून दुसऱ्या गावी जायचो. आर्डिसला वाटायचं, मला गाडी चालवायला आवडतं.

लोक त्याला काय म्हणतात ते तू ऐकलंयस. "कोरी, दोन बोटं उंच शिडी आहे का?" एकवीस वर्षं. तो हसतो. मी मात्र ते हसणं पाहू शकत नाही.

आता तुला माहीत झालं. हवं तर उत्तर लिहू नकोस.

मिल्टन


एल्डर फोर्ड
२६ ऑक्टोबर

मिल्टन,

उत्तर लिहितोय. दोन दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, तेही लिहितो.

साखळीच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. सत्तावीस वर्षं आपण एकाच साखळीची दोन टोकं धरली. तू माझ्या पोरीच्या लग्नात जेवण वाढलंस, आर्डिसच्या शवपेटीला मी खांदा दिला, आणि हे तू मला सांगितलं नाहीस? मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या आणि मग दोघं मिळून काहीतरी केलं असतं. गुडघ्याला गरम पिशव्या बांधून फिरायचास लेका. लॉर्नानं तुला दोन विणून दिल्या होत्या.

राग गेला, कारण मग स्वतःकडे पाहिलं. मी तरी कुणाला सांगितलं असतं का? तो आकडा फुगला नसता तर मीही आज वीस मैलांवर खिळे आणायला गेलो असतो. माझा शहाणपणा कॅरोवेच्या कृपेनं आलाय. सुंठीवाचून माझा खोकला गेला, म्हणून मी तुला औषध सांगू नये.

तरी सांगतो. हे कोरीला कळायला हवं. मी तोंडातून शब्द काढणार नाही, ते तुझं आहे. पण तू लिहिलंस तर मी पत्र त्याच्या हातात देईन आणि तो वाचेपर्यंत तिथेच उभा राहीन. त्यानं काही फेकून मारलं तर मला लागेल. मला डावीकडचं नीट दिसत नाही, त्यामुळे चुकवताही येणार नाही.

त्याला आता दोन मुली आहेत. थोरलीला गेल्या वर्षी शाळेत कुणीतरी "दोन बोटं" म्हटलं. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाहीये. खरं आहे म्हणून लिहितोय.

एल्रॉय


टूसॉन
३० ऑक्टोबर

एल्रॉय,

सोबत बंद पाकीट आहे. त्यावर त्याचं नाव आहे. उघडू नकोस, पण त्यात काय आहे ते तुला माहीतच आहे. कारणं दिलेली नाहीत. कड कुठली, तेवढं लिहिलं, आणि माफी मागितली.

त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं कळव. गोड करून सांगू नकोस. तुला ती सवय आहे.

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा निकाल दुकानाच्या गल्ल्यापाशी लागणार.

मिल्टन


एल्डर फोर्ड
शनिवार, ४ नोव्हेंबर

मिल्टन,

जसंच्या तसं सांगतो.

पाकीट काल दुपारी आलं. तडक दुकानात गेलो. कोरी कुणाला तरी रंगाचा डबा हलवून देत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उगाच बिजागऱ्या बघत उभा राहिलो. मग पाकीट दिलं आणि म्हटलं, मिल्टन सॉर्बीचं आहे, माझ्यासमोर वाच. त्यानं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वरून सुरुवात केली. मग पत्र गल्ल्यावर ठेवून तो दुकानाच्या दाराकडे गेला आणि "बंद"ची पाटी फिरवली. मी मनात म्हटलं, आता आपली हाडं मोडतात.

तो परत आला आणि मालाच्या खोक्यावर बसला. चेहरा पांढरा. म्हणाला, "मिल्टनकाका यासाठी गाव सोडून गेले?"

म्हटलं, बरंचसं यासाठीच.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. मग बोलला, ते मी घरी येऊन लगेच लिहून ठेवलं, म्हणजे माझ्याकडून गोड होऊ नये.

"एल्रॉयकाका, मी पोचलोच नव्हतो. माझा गुडघा आधीच टेकला होता, चांगला अर्धा यार्ड अलीकडे, म्हणजे खेळी तिथेच संपली होती. वर आठ जण पडले होते, कुणाला काही दिसत नव्हतं. मी खालून बॉल पुढे सरकवला. जमेल तेवढा सरकवला. पंच आला तेव्हा बॉल जिथे होता तिथे तो कधी गेलाच नव्हता."

मी म्हटलं, पुन्हा सांग. त्यानं पुन्हा सांगितलं. बसल्या जागी हाताने ढकलून दाखवलं.

तेव्हा गुडघ्यांवर बसून तो साखळीकडे बघत होता ना? तो देवाची प्रार्थना करत होता, पण पोचावं म्हणून नाही. पकडलं जाऊ नये म्हणून. आणि दोन बोटं कमी आलं तेव्हा त्याला वाटलं की वरून कुणीतरी बघितलं. अर्धा यार्ड चोरूनही दोन बोटं कमी पडावीत, हा काही माणसाचा हिशेब नाही असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून त्यानं कुठल्याही मापात लबाडी केलेली नाही. दोरी कापतानासुद्धा वीतभर जास्त देतो, हे तर गावाला ठाऊक आहे. आणि लोक चिडवायचे तेव्हा तो हसायचा, कारण त्याला वाटायचं, दोन बोटांवर भागलं, खरं कळलं असतं तर काय केलं असतं यांनी?

म्हणजे बघ, मिल्टन. तुझी कड चुकली नसती तर आपण ती मॅच चोरीच्या अर्ध्या यार्डावर जिंकलो असतो. त्यानं बॉल पुढे ढकलला, तू मापाची खूण पुढे ढकललीस, आणि निकाल जिथे लागायचा तिथेच लागला. तुम्ही दोघं एकवीस वर्षं एकाच मॅचबद्दल तोंड लपवत फिरत होता, आणि कॅरोवे प्रामाणिकपणे जिंकलं होतं.

मग आम्ही दोघं हसायला लागलो. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, त्यालाही उघडलं नाही.

आज सकाळी बर्निसच्या हॉटेलात सगळे कॉफीला जमले असताना कोरी उभा राहिला आणि स्वतः सगळं सांगून टाकलं. गुडघा, बॉल, सगळं. तुझं नाव घ्यायचं की नाही ते त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, मिल्टन हो म्हणेल, तो लपवून लपवून दमलाय. चुकलो असेन तर शिव्या घाल. मग म्हातारा सायरस भडकला. तुझ्यावर नाही, कोरीवरही नाही. म्हणाला, "एकवीस वर्षं मी माझ्या कॅरोवेच्या मेव्हण्याला घरात घेतलं नाही, आता काय करू?" बर्निस म्हणाली, "आता जेवायला बोलव." सायरस तिला म्हणाला, "एवढी घाई नाही." तेवढ्यावर विषय संपला आणि कुणीतरी अंडी मागवली.

तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. मी मुद्दाम एकेकाचा चेहरा पाहिला, उजव्या डोळ्यानं.

कोरीनं तुझ्यासाठी चिठ्ठी दिलीय, सोबत आहे.

एल्रॉय


(सोबतची चिठ्ठी, दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे)

मिल्टनकाका,

तुम्ही माझी मॅच घालवली नाहीत. मला चोर होण्यापासून वाचवलंत, तेही चुकून. मला वाटायचं ते काम देवाचं होतं. ते तुमचं निघालं, याचं मला जास्त बरं वाटलं. देवाचे आभार कसे मानायचे ते नीट कळत नाही, तुमचे मानता येतात.

खिळे आमच्याकडेही मिळतात.

कोरी


टूसॉन
बुधवार, ८ नोव्हेंबर

एल्रॉय,

चिठ्ठी वाचली आणि इतका हसलो की डेनीस स्वयंपाकघरातून धावत आली. मग रडलो, तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि समोर बसली. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती म्हणाली, "बाबा, आई दर शनिवारी म्हणायची, तुझ्या बाबांच्या छातीवर काहीतरी बसलंय, विचारलं तर सांगत नाही." म्हणजे आर्डिसला काहीतरी आहे एवढं कळलं होतं. तिला सांगायला हवं होतं. तिनं मला हाताला धरून त्या दुकानात नेलं असतं आणि हे सगळं त्याच आठवड्यात मिटलं असतं. ही एक गोष्ट आता भरून येणार नाही. बाकी सगळी भरून आली.

माझं नाव सांगितलंस ते बरं केलंस.

रात्री चांगली झोप लागली. उठलो तेव्हा छातीवर काही नव्हतं. कुणीतरी अंगावरून कपाट उचलून नेल्यासारखं वाटलं. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो, ते परत येतंय का बघत. आलं नाही.

शनिवारी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आहे ना? डेनीसनं विमानाचं तिकीट काढलंय. शुक्रवारी संध्याकाळी पोचतो, हे पत्र आणि मी यांत कोण आधी येतं बघू. लॉर्नाला सांग, सूप कर. तुझ्या शेजारची जागा धर, गर्दीतली चालेल. आपल्या रंगाची टोपीही घेऊन ठेव. माझ्याकडे एकही नाही.

बगळे या वर्षी वाईटच खेळतायत. पुन्हा हरतील बहुतेक. पंचावन्ननं हरोत की एकानं, मला चालेल. हरले तर आपल्याच खेळानं हरतील, एल्रॉय. आणि मी नुसता बसून बघेन.

मिल्टन